पोट भरलेला शिकारी

घरी दूधभात खाऊन उन्हात अंग चाटीत पडलेले मांजर घटकाभराने कुंपणापाशी दबा धरते आणि तोंडात चिमणी घेऊन परतते, तेव्हा याला घरात काय कमी पडले होते, असा प्रश्न गृहिणीच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या प्राण्याच्या पूर्वजांना उंदरांसारख्या क्षुद्र भक्ष्यावर दिवसातून अनेकदा शिकार साधून गुजराण करावी लागे, त्याला भूक लागेपर्यंत हाती आलेली संधी दवडणे परवडणारे नव्हते, आणि म्हणूनच मार्जारकुळातील या घरगुती सदस्याची शिकारीची प्रेरणा पोट भरल्याने शमत नाही. शिवाय रानातील भक्ष्य विरळ झाले की रानातल्या शिकाऱ्यांचीही संख्या घटते. मांजराला मात्र मनुष्याच्या स्वयंपाकघराचा आणि उकिरड्याचा आश्रय असल्यामुळे परिसरातील अखेरचा पक्षी संपला तरी त्याची उपासमार होत नाही.

अमेरिकेविषयी २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या लॉस, विल आणि मारा या संशोधकांच्या अंदाजाप्रमाणे त्या एका देशात मांजरांकडून दरवर्षी १३० ते ४०० कोटी पक्षी आणि ६३० ते २,२३० कोटी सस्तन प्राणी मारले जातात. यातील बहुतांश हत्या बेवारस मांजरांकडून होते हे खरे. तथापि त्यांची वंशावळ कोणा ना कोणा मनुष्याच्या उंबरठ्यापाशीच येऊन थांबते.

हिंदी महासागराच्या दक्षिण भागात, दक्षिण आफ्रिकेच्या अमलाखाली असलेल्या मेरियन बेटाचा इतिहास या दृष्टीने मोठा हृदयद्रावक आहे. सील प्राण्यांच्या शिकाऱ्यांच्या गलबतांतून एकोणिसाव्या शतकात तेथे पोहोचलेल्या उंदरांचा हवामान केंद्रातील लोकांना उपद्रव होऊ लागला, तेव्हा त्यांच्या बंदोबस्तासाठी १९४९ साली पाच मांजरे बेटावर नेण्यात आली. जमिनीवरचा शिकारी कसा असतो हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊकच नव्हते, ते बिळांत अंडी घालणारे पेट्रेल पक्षी हे उंदरांपेक्षा सुलभ भक्ष्य ठरले. १९७५ च्या सुमारास मांजरांची संख्या दोन हजारांवर गेली. वर्षाकाठी साडेचार लाख पेट्रेल त्यांच्या मुखी पडत असावेत असा हिशेब झाला, आणि बुडी मारून भक्ष्य पकडणाऱ्या पेट्रेलची एक जात तर बेटावरून नाहीशीच झाली. मग १९७७ मध्ये मांजरांच्या एका प्राणघातक रोगाचे विषाणू तेथे मुद्दाम सोडण्यात आले. त्यातून जी वाचली त्यांच्यासाठी बंदुका, सापळे आणि विष यांची तजवीज करावी लागली, तेव्हा कुठे १९९१ साली बेट मांजरमुक्त झाले. आपल्या स्वभावधर्माप्रमाणे वागणाऱ्या, आपण होऊन तेथे कधीही न गेलेल्या या प्राण्यांना असे मरण यावे, याचे मला पक्ष्यांच्या संहाराइतकेच दुःख वाटते.

उंदीर मात्र राहिले, आणि हवामान उबदार होत गेले तसे वाढले. आज ते अल्बट्रॉसच्या पिलांना घरट्यातच जिवंतपणी कुरतडतात, आणि त्यांच्या निर्मूलनाची स्वतंत्र मोहीम आखावी लागली आहे.

इतका अनर्थ झाल्यावर उपाय शोधण्यापेक्षा घरातच काय करता येईल, याचा शोध इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी घेतला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात मांसाचे प्रमाण अधिक असलेला आहार दिलेल्या मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली. रोज पाच ते दहा मिनिटे ज्यांच्याशी धनी खेळले त्यांची २५ टक्क्यांनी. गळ्यातल्या घंटेचा, जिच्यावर आपली इतकी भिस्त असते, स्पष्ट परिणाम दिसला नाही. अशा आहाराला आणि खेळाला वेळेवर केलेल्या निर्बीजीकरणाची जोड दिली आणि मांजराला रात्रंदिवस मोकळे न सोडता घरातच रमू दिले, तर वाहनांखाली व कुत्र्यांच्या तावडीत सापडण्याचे त्याचे स्वतःचे भयही बरेचसे टळते.