खाऱ्या पाण्याच्या टाकीतील नायट्रेट कसे कमी करावे

प्रवाळ खडकांच्या आश्रयाने राहणारे क्लाउनफिशसारखे रंगीत मासे घरच्या टाक्यांत वाढवून विकणे, हा किनाऱ्यावरील कुटुंबांना शक्य असलेला एक जोडधंदा आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांचे बीज तयार करण्याचे तंत्र बसविले आहे. असे बीज आणून ते विक्रीयोग्य होईपर्यंत वाढविणे हे पालकाचे काम होय. या कामात आरंभी सर्व काही ठीक चालते. पाणी स्वच्छ दिसते, मासे खातात. काही महिन्यांनी मात्र काचांवर शेवाळ माजते, माशांची भूक मंदावते, वाढ खुंटते व रोग लवकर जडतो. अशा वेळी पाण्यातील नायट्रेटची तपासणी अवश्य करावी. नायट्रेट डोळ्यांना दिसत नाही व त्यास वासही नसतो. म्हणून ते साठत जात असल्याचे लक्षात येत नाही.

नायट्रेट कोठून येते?

शेतकऱ्यास ही क्रिया अपरिचित नाही. शेतात टाकलेल्या युरियाचा प्रथम अमोनिया होतो व जमिनीतील जिवाणू त्याचे नायट्राइट व पुढे नायट्रेट बनवितात. टाकीतही हेच घडते. माशांचे उत्सर्जन व न खाल्लेले खाद्य यांपासून अमोनिया होतो आणि गाळणीतील जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. अमोनिया व नायट्राइट ही माशांना तीव्र विषे आहेत. त्या मानाने नायट्रेट सौम्य आहे. पण शेतातील नायट्रेट पीक उचलते, तसे टाकीत ते उचलणारे कोणी नसते. त्यामुळे ते साठतच राहते.

किती साठते, याचा हिशेब सोपा आहे. १,००० लिटरच्या टाकीत रोज १० ग्रॅम खाद्य टाकल्यास आठवड्यास ७० ग्रॅम होते. खाद्यात ४० टक्के प्रथिने असल्यास त्यात सुमारे ४.५ ग्रॅम नत्र असते. त्यातील दोन-तृतीयांश पाण्यात उतरले असे धरल्यास त्याचे सुमारे १३ ग्रॅम नायट्रेट होते. म्हणजे दर लिटरमागे आठवड्यास १३ मिलिग्रॅमची भर पडते.

पाणी बदलणे का पुरत नाही?

टाकीतील चौथा हिस्सा पाणी काढून नवे घालणे, हा नेहमीचा उपाय होय. नायट्रेट ८० मिलिग्रॅम असल्यास एका बदलाने ते ६०, दुसऱ्याने ४५, तिसऱ्याने ३४ व चौथ्याने २५ वर येते. परंतु हे घडण्यास दोन अटी आहेत.

पहिली अट अशी की, नवे पाणी नायट्रेटमुक्त असावे. कृत्रिम मीठ विहिरीच्या पाण्यात कालवून खारे पाणी करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. खते व गोठ्यातील मलमूत्र यांचा निचरा ज्या विहिरीत होतो, तिच्या पाण्यात पुष्कळ नायट्रेट असू शकते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने दर लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा घातली आहे. विहिरीत ४० मिलिग्रॅम असल्यास कितीही वेळा पाणी बदलले तरी टाकीतील प्रमाण ४० च्या खाली जाणार नाही. अशा ठिकाणी साठविलेले स्वच्छ पावसाचे पाणी अथवा शुद्धीकरण यंत्राचे पाणी वापरावे. समुद्राचे पाणी आणावयाचे झाल्यास ते नदी-ओढ्याच्या मुखापासून दूर, भरतीच्या वेळी घ्यावे. पावसाळ्यात किनाऱ्याचे पाणी गढूळ व कमी खारे होते. म्हणून त्यापूर्वीच साठा करून ठेवावा.

दुसरी अट अशी की, रोजची भर कमी झाली पाहिजे. दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलले तरी १३ मिलिग्रॅमची भर चालू राहिल्यास नायट्रेट चढत जाऊन ५२ च्या आसपास स्थिरावते. यातून एक सोपा नियम निघतो. पाणी बदलल्यावर लगेच व पुढील बदलाच्या आधी, अशी दोनदा मोजणी करावी आणि आलेल्या फरकास चाराने गुणावे. नवे पाणी नायट्रेटमुक्त असल्यास अखेरीस टाकीतील पातळी त्या आकड्यावर जाऊन थांबेल. ती २० च्या आत राखावयाची असेल, तर आठवड्याची भर ५ पेक्षा अधिक होता कामा नये.

भर कमी करण्याचे उपाय

१. खाद्य थोडे थोडे करून, काही मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. उरलेले खाद्य नळीने ताबडतोब काढून घ्यावे. या उपायास काहीच खर्च येत नाही.

२. टाकीत मासे दाटीने ठेवू नयेत. मेलेला मासा तत्काळ काढावा.

३. गाळणीच्या स्पंजात अडकलेली घाण तेथेच कुजते. म्हणून तो दर आठवड्यास धुवावा. मात्र टाकीतून काढलेल्या खाऱ्या पाण्यातच धुवावा. नळाच्या क्लोरिनयुक्त पाण्याने उपयुक्त जिवाणू मरतात व अमोनिया वाढून मासे दगावतात.

४. खाऱ्या पाण्यात बारीक हवेचे बुडबुडे सोडल्यास फेस येतो व त्यासोबत सेंद्रिय घाण वर येते. फेस वेगळा काढणारे यंत्र बसविल्यास ही घाण नायट्रेट होण्यापूर्वीच टाकीबाहेर जाते.

५. जोडटाकीत हिरवे सागरी शेवाळ प्रकाशात वाढवावे व वाढलेला भाग नियमित काढावा. शेवाळ हे येथे नायट्रेट उचलणारे पीकच होय. कापणी केली नाही तर त्याचा लाभ नाही. काढलेले शेवाळ गोड्या पाण्याने धुऊन खताच्या खड्ड्यात टाकता येते.

६. भातखाचरात पाणी साचून राहिले असता चिखलात हवा पोहोचत नाही. तेथील जिवाणू नायट्रेटमधील प्राणवायू घेतात व नत्र वायुरूपाने उडून जाते. खाचरात जी हानी, तीच टाकीत इष्ट. जोडटाकीत १० ते १५ सेंटिमीटर जाडीचा बारीक वाळूचा थर दिल्यास ही क्रिया तेथे सावकाश घडते. हा थर ढवळू नये. आत विषारी वायू साठलेला असू शकतो.

दक्षता

साठलेले नायट्रेट एकदम उतरवू नये. एका वेळी चौथ्या हिश्शाहून अधिक पाणी बदलू नये. नव्या पाण्याचा खारेपणा व उष्णता टाकीइतकीच असावी. उडून गेलेल्या पाण्याची भरपाई गोड्या पाण्यानेच करावी, कारण मीठ मागेच राहते.

जिवाणूंना आधार म्हणून समुद्रातून प्रवाळाचे तुकडे आणू नयेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये खडक बांधणाऱ्या प्रवाळांस २००१ पासून सर्वोच्च संरक्षण आहे. ते काढणे हा गुन्हा होय. धुऊन वाळविलेल्या कालवांच्या शिंपल्या किंवा कौलांचे तुकडे याच कामी येतात. टाकीतून काढलेले खारे पाणी भातखाचरात, बागेत वा विहिरीजवळ सोडू नये.

चाचणी-पेटीवर नायट्रेट दाखविले आहे की नायट्रेट-नत्र, हे ग्रामसेवकांनी पालकास पाहावयास सांगावे. नत्राच्या आकड्यास ४.४ ने गुणल्यावर नायट्रेट मिळते. हा फरक न कळल्यास धोक्याची पातळीही सुरक्षित भासते. प्रत्येक टाकीजवळ एक वही टांगून तीत तारीख, खाद्याचे वजन, बदललेले पाणी व नायट्रेटचा आकडा लिहावा. औषधावर पैसे खर्च करण्यापूर्वी ही वही वाचावी. घरच्या टाकीतील मासे निरोगी निपजले, तरच गिऱ्हाईक त्यांच्याकडे वळेल, आणि प्रवाळावरचा मासा प्रवाळावरच राहील.