मी लाकडाचे डूल विकते!

दागिन्यांची पेढी म्हटली, की पांढरी गादी, लोड, काट्याचा तराजू आणि चहा मागवणारे शेटजी डोळ्यांपुढे येतात. माझ्या पेढीवर यांतले काही नाही. सावंतवाडीच्या मोती तलावापासून हाकेच्या अंतरावर आमचे घर. त्याची मागची पडवी हा कारखाना आणि हातातला मोबाइल हे दुकान! गिऱ्हाईक कधी नागपूरचे, कधी बंगळूरचे, क्वचित परदेशातलेही. त्यांतल्या बहुतेकांचे तोंड मी पाहिलेले नाही. माल म्हणाल तर लाकडाचे डूल, कुड्या, बांगड्या आणि मण्यांच्या माळा.

"लाकडाचे दागिने घेते तरी कोण?" हा प्रश्न सासर-माहेरच्या यच्चयावत मंडळींनी मला विचारून झाला आहे. घेतात हो! लोकलच्या गर्दीत सोने मिरवण्याची धास्ती वाटणाऱ्या बायका घेतात, कॉलेजातल्या मुली घेतात. शिवाय लाकूड हलके. सागाचा भरीव डूल आणि त्याच मापाचा भरीव सोन्याचा डूल शेजारी ठेवा. सोन्याचा सुमारे तीसपट जड भरेल. कानाच्या पाळीला विचारा, ती कोणाच्या बाजूने कौल देईल!

सावंतवाडीची लाखकामाची खेळणी आणि लाकडी फळे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. तोच हुन्नर माझ्या डुलांत आहे. आमचे कातारी काका सत्तरीचे आहेत. खेळण्यांना पूर्वापार पांगारा चाले. पण कुडीसारख्या बारीक जिनसेला त्याचा भुसभुशीत धागा टिकत नाही, म्हणून आम्ही फणस, शिवण आणि शिसव वापरतो. काताला लावलेला तुकडा गरगर फिरू लागला की काका रंगीत लाखेची कांडी त्यावर टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. मग केवड्याच्या पानाने असा काही घोटा देतात, की त्यात आपले तोंड दिसावे.

पण लाकडाचा स्वभाव मोठा विलक्षण. झाड तोडले तरी ते हवेतली ओल घेते आणि सोडते. ते लांबीत जवळजवळ आटत नाही. आडवे मात्र आटते, आणि तेही सगळीकडून सारखे नव्हे. त्यामुळे ओल्या लाकडाची गोल कातलेली बांगडी सुकली की लंबगोल होते! कोकणातल्या पावसाळ्यात बनवलेला दागिना दिल्लीच्या कोरड्या थंडीत गेला, तर तडकण्याची भीती. म्हणून आमच्याकडे लाकूड सावलीत महिनोन्‌महिने पडून असते. मी घाई केली की काका म्हणतात, "बाय गो, लाकूड आपल्या मनान चलता, तुझ्या मनान न्हय."

दुकानात बसलेल्या माणसाला हे गिऱ्हाइकाच्या हातात वस्तू देऊन समजावता येते. मोबाइलवर ती सोय कुठली? तिथे फक्त छायाचित्र. फणसाचे लाकूड ताजे असताना हळदीसारखे पिवळे असते आणि उजेडात हळूहळू तपकिरी होत जाते. इंदूरच्या एका बाईंनी चार महिन्यांनी लिहिले, "मी पिवळे मागवले होते, हे बदलले कसे?" त्यांना माझ्या स्वतःच्या कानातल्या जुन्या जोडीचे छायाचित्र पाठवले. उत्तर आले : "मग मला हाच रंग आवडला!" छायाचित्राखाली हे पहिल्यापासून लिहिलेले होते, पण ते वाचतो कोण?

परत येणारा माल हे या धंद्यातले खरे दुखणे. संपादकांकडून कथा 'साभार परत' येते, तिथे निदान आभार असतात! 'वस्तू मिळाल्यावर पैसे' या सोयीने मागवलेली डबी कधी दार न उघडताच माघारी येते, आणि जाण्यायेण्याचे भाडे माझ्या अंगावर पडते.

हिशेबच सांगते. चारशे रुपयांच्या जोडीत काकांचे कातकाम आणि घासकाम १३० रुपये, लाकूड १०, लाख आणि तेल १५, हूक २०, डबी २५, टपाल ६०, शिवाय बाजारवाल्यांची दलाली ६०. उरले ऐंशी. दोन जोड्या परत आल्या की ते वरचे ऐंशी कुठे गेले, हे शोधायला नको.

गेल्या वर्षी आणखी एक प्रकार झाला. एका विक्रेत्याने माझीच छायाचित्रे उचलून दीडशे रुपयांना 'हस्तकलेचे डूल' विकायला काढले. मैत्रिणीने एक जोडी मागवली. यंत्रावर कापलेल्या भुशाच्या फळीला रंग फासलेला! तक्रारीनंतर छायाचित्रे उतरली आणि पंधरवड्याने दुसऱ्या नावाने चढली. त्यातच सणाच्या सवलतीत निम्म्या भावाने विका, असा बाजाराचा आग्रह. निम्मा भाव करायचा तर कात्री लागणार ती काकांच्या १३० रुपयांनाच; दुसऱ्या कुठल्या रकमेत कापण्याजोगे आहे काय?

मी त्या बाजारातून माल काढून घेतला. आता स्वतःच्या पानावर विकते आणि पैसे आधी घेते. मागण्या निम्म्यावर आल्या, हे खरे. पण परत येणे जवळजवळ थांबले, आणि घेणारी माणसे दुसऱ्यांदा येऊ लागली. काकांची मजुरी दीडशे केली. घरच्यांना हा व्यवहार अजून पटलेला नाही.

परदेशी माल पाठवू इच्छिणाऱ्या भगिनींसाठी एक माहिती देऊन ठेवते. २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या कुळातली सगळी झाडे 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आली, आणि एक लहानशी बांगडी पाठवायची तरी कागदपत्रांचा प्रश्न उभा राहू लागला. २०१९ साली जिनिव्हाच्या बैठकीत, तयार वस्तूंतले असे लाकूड १० किलोपर्यंत असेल तर सूट द्यावी, असे ठरले. मी तरीही परदेशी फणसच पाठवते. त्याला कोणी अडवत नाही आणि वासही आपल्याकडचा!

यंदा दिवाळीच्या मागण्या दसऱ्याआधीच बंद कराव्या लागल्या. शिवणीचा नवा ढीग अजून ओला आहे. चाळीस जोड्यांची एकगठ्ठा मागणी पुण्याहून आली होती, पैसे आगाऊ द्यायची तयारी होती. मी काकांकडे पाहिले. त्यांनी एक तुकडा उचलून गालाला लावला आणि पुन्हा ढिगावर ठेवला. पुण्याला मी कळवले, पौषात पाठवीन. त्या थांबायला तयार आहेत.