टॅमिफ्लू घेण्याआधी

पावसाळ्यात वसई-विरारमध्ये आलेला प्रत्येक ताप फ्लूचा नसतो. डेंग्यू, मलेरिया, लेप्टोवर ऑसेल्टामिव्हिर म्हणजेच टॅमिफ्लू काहीच काम करत नाही, हे आधी लक्षात घ्या. स्वाइन फ्लूत मात्र लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांत सुरू झालेली गोळी सर्वांत उपयोगी. मोठ्यांचा नेहमीचा डोस ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ५ दिवस. मूत्रपिंड कमजोर असेल तर तो कमी करावा लागतो, म्हणून क्रिएटिनिनचा जुना रिपोर्ट डॉक्टरांकडे जाताना सोबत न्याच. गरोदर असाल तर तेही सांगा, पण घाबरून उपचार लांबवू नका. या गोळीने होणारी मळमळ ती जेवणानंतर घेतल्यास कमी होते. गोळी सुरू असताना मूल असंबद्ध बडबडू लागलं तर मात्र लगेच दवाखाना गाठा. हे औषध शेड्यूल एच-१ मधलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणारं आहे. चिठ्ठीशिवाय मागू नका, शेजाऱ्यांच्या उरलेल्या गोळ्या तर मुळीच घेऊ नका.