मुरगळलेला घोटा व मैदानाची वाट

मृग नक्षत्र लागून आमच्या सिंदीची काळी कपाशीची माती एकदां भिजली, म्हणजे घरोघरीं लचकलेल्या पायांचा हंगाम सुरू होतो, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. उन्हाळ्यांत हीच जमीन भेगाळलेली असते, पावसाळ्यांत ती निसरडी होते, आणि याच दिवसांत शाळांतून कबड्डी-खोखोच्या सामन्यांची तयारीहि चालूं होते. कोणी शेताच्या बांधावरून घसरतो, कोणाचें रेल्वेच्या फलाटावरून उतरतांना पाऊल चुकतें, तर कोणी चढाई करून परततांना घोट्यावर कोलमडतो. हा प्रकार इतका नित्याचा झाला आहे कीं, त्याला दुखणें असें नांवहि आपण देत नाहीं. चार दिवस लेप, दोन वेळां चोळणें, आणि सूज उतरली कीं मूल पुन्हां मैदानावर! नाहीं तर याचें दुसरें टोंक म्हणजे, "पुरे झाला आतां तो खेळ," असा वडील मंडळींचा निकाल. या दोन टोंकांच्या मध्यें एक शहाणपणाची वाट आहे. तिचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या प्राचीन वैद्यांनीं या सांध्याची योग्यता ओळखली होती. घोट्यास संस्कृतांत गुल्फ म्हणतात. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत जीं एकशें सात मर्में सांगितलीं आहेत, त्यांपैकीं आठ 'रुजाकर', म्हणजे वेदना उत्पन्न करणारीं, मानिलीं आहेत. दोन गुल्फ, दोन मणिबंध व चार कूर्चशिर मिळून तीं आठ होतात. त्याच ग्रंथाच्या निदानस्थानांत वातकंटक नांवाच्या विकाराचें कारण विषम पाऊल पडणें हें दिलेलें आहे. शिवाय सांधा निखळण्याचे सहा व हाड मोडण्याचे बारा प्रकार सुश्रुतानें निरनिराळे सांगितले आहेत. हाडाची इजा निराळी व सांध्याची निराळी, हा विवेक इतका जुना आहे. आमच्या घरांत मात्र आजहि 'पाय मुरगळला' या दोन शब्दांत सर्व कांहीं घातलें जातें.

घोट्याची रचना थोडक्यांत अशी. नडगीचें हाड व त्याच्या बाहेरच्या बाजूस असलेलें बारीक हाड, या दोहोंच्या खालच्या टोंकांमध्यें पायाचें एक हाड खुंटीसारखें बसलेलें असतें. हीं हाडें एकमेकांस चिवट तंतूंच्या पट्ट्यांनीं बांधलेलीं असतात. त्यांस अस्थिबंध म्हणतात. आंतल्या बाजूचे बंध रुंद व बळकट असतात, बाहेरच्या बाजूचे त्या मानानें अशक्त असतात. म्हणून पाऊल बहुधा आंत वळतें व बाहेरचे बंध ताणले जातात. केवळ ताण बसला तर ती पहिली पायरी, कांहीं तंतु तुटले तर दुसरी, आणि बंध पूर्ण तुटला तर तिसरी. पहिल्या पायरीचा रोगी एक ते तीन आठवड्यांत सावरतो, दुसरीस तीन ते सहा आठवडे लागतात, तिसरीस कित्येक महिने. मात्र तुटलेल्या तंतूंची आंतील घडी नीट बसण्याचें काम यानंतरहि पुष्कळ दिवस चालूं असतें, व तें डोळ्यांस दिसत नाहीं.

प्रथम प्रश्न असा कीं, हाड मोडलें आहे काय? यासाठीं कॅनडांतील ओटावा येथील डॉक्टरांनीं १९९२ सालीं कांहीं नियम प्रसिद्ध केले, ते आज जगभर वापरले जातात. घोट्याच्या आंतील किंवा बाहेरील उंचवट्याच्या टोंकाशीं, अथवा त्याच्या मागील कडेवर खालून सहा सेंटिमीटरपर्यंत, हाडावरच दाबून दुखत असेल. पायाच्या बाहेरील कडेच्या मधल्या उंचवट्यावर, किंवा आंतील कडेस घोट्याच्या पुढें असलेल्या हाडावर दुखत असेल. किंवा इजा होतांच व नंतर तपासतांनाहि चार पावलें टाकतां येत नसतील, तर क्ष-किरणांनीं छायाचित्र काढून घेणें अवश्य आहे. लहान मुलांचीं हाडें वाढीचीं असल्यामुळें त्यांच्या बाबतींत अधिकच सावध असावें. पाय वांकडा दिसत असेल अथवा बोटें बधिर वा गार पडलीं असतील, तर क्षणाचाहि विलंब करूं नये. आम्हां सिंदीकरांस सेवाग्राम, सावंगी अथवा नागपूर येथें जाण्याची सोय असतां, हाड बसविणाऱ्याकडे पाय ओढून घेण्यास जाणें हें कोणत्याहि दृष्टीनें समर्थनीय नाहीं.

हाड शाबूत असल्यास पहिले दोन-तीन दिवस पायास जपावें. फडक्यांत बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटें ठेवावा; उघड्या कातडीवर ठेवूं नये. लवचिक पट्टी बांधावी, पण बोटें निळीं पडतील इतकी घट्ट नको. लोडावर पाय उंच ठेवून निजावें. या दिवसांत चोळणें, तेल रगडणें व गरम शेक हीं टाळावीं. ताज्या इजेवर त्यांनीं सूज वाढते. आंबेहळद व रक्तचंदनाचा लेप आपल्या घरांत पिढ्यान्-पिढ्या चालत आला आहे. कातडी फुटलेली नसेल तर थंड लेप घालण्यास आमची हरकत नाहीं. परंतु लेप घातला म्हणजे उपचार संपला, ही समजूत मात्र सोडली पाहिजे.

विश्रांतीविषयींहि मत बदललें आहे. विश्रांति, बर्फ, पट्टी व उंच ठेवणें ही चतुःसूत्री अमेरिकेंतील डॉ. मिर्किन यांनीं १९७८ सालीं लोकप्रिय केली. पुढें त्यांनीं स्वतःच, बर्फ व पूर्ण विश्रांति दीर्घकाळ चालविल्यास बरें होण्यास उलट विलंब लागतो, असें मत दिलें. वेदना सोसवेल तितक्या बेतानें पायावर लवकर भार देणें व सांधा हलता ठेवणें, हें आतां श्रेयस्कर मानितात. यासाठीं एक सोपा उपाय सांगतों. मुलास खाटेवर बसवून पाय अधांतरीं ठेवावा, आणि अंगठ्यानें हवेंत 'क' पासून 'ज्ञ' पर्यंत अक्षरें गिरवावयास लावावीं. सांधा सर्व दिशांनीं फिरतो, व धाकट्या भावंडांस अक्षर ओळखण्याचा खेळहि होतो.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. सूज गेली, दुखणें थांबलें, तरी पाय बरा झाला असें कां म्हणूं नये? याचें उत्तर लंडन येथील डॉ. फ्रीमन यांनीं १९६५ सालीं दिलें. घोट्याच्या बंधांमध्यें सूक्ष्म मज्जातंतु असतात. पाऊल कसें पडलें आहे याची वार्ता ते मेंदूकडे पोंचवितात. बंध फाटतांना हे तंतुहि दुखावतात. मग पाऊल खड्ड्यांत वांकडें पडलें तरी वार्ता उशिरां पोंचते, आणि स्नायूंनीं सांवरण्यापूर्वींच पाय पुन्हां मुरगळतो. ज्याचा पाय एकदां मुरगळला, त्याचा तोच पाय पुन्हां मुरगळण्याचा संभव मोठा असतो, व तो वर्षभर तरी टिकतो, हें सर्व खेळांतील अनुभवानें सिद्ध झालें आहे. कित्येकांचा घोटा यामुळें जन्मभर डळमळीत राहतो. उपायहि फ्रीमन यांनींच सुचविला, आणि तो अगदीं बिनखर्ची आहे. तो म्हणजे तोल सांभाळण्याचा अभ्यास. प्रथम भिंतीचा आधार घेऊन एका पायावर उभें राहावें; मग आधार सोडून; मग डोळे मिटून; शेवटीं घडी केलेल्या सतरंजीवर. आपलें वृक्षासन हाच अभ्यास होय.

या संबंधांत गेल्या हंगामांतील एक उदाहरण देतों. आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांतील आठवींतली मुलगी शाळेच्या कबड्डी-संघांत होती. सरावांत तिचा पाय मुरगळला. हाड शाबूत असल्याचा निर्वाळा डॉक्टरांनीं दिला. दहाव्या दिवशीं सूज गेली. मग घरांत दोन पक्ष पडले. काका म्हणाले, "सामने तोंडावर आले आहेत; पट्टी बांधून खेळूं द्या." आजी म्हणाल्या, "मुलीच्या जातीला हा धसमुसळा खेळ हवाच कशाला? पाय कायमचा अधू झाला तर पुढें कोण निस्तरणार?" मुलीनें आम्हांस विचारलें, "गुरुजी, मी खेळूं कीं नको?" आम्हीं सांगितलें, "बाळ, पंचांग पाहून याचें उत्तर मिळणार नाहीं. पायाची परीक्षा घेऊं. तो उत्तीर्ण झाला कीं खुशाल खेळ."

ती परीक्षा अशी. पहिला विषय चालण्याचा: लंगडल्याशिवाय व न दुखतां जिना चढतां-उतरतां आला पाहिजे. दुसरा लवचिकपणाचा: पाऊल जमिनीस टेकवून, टांच न उचलतां, गुडघा समोरच्या भिंतीस लावावा, चांगल्या पायानें जेवढ्या अंतरावरून लागतो, तेवढ्याच अंतरावरून दुखऱ्या पायानेंहि लागावा. तिसरा शक्तीचा: एका पायाच्या चवड्यावर दोन्ही पायांनीं सारख्याच वेळां उठतां आलें पाहिजे. चौथा तोलाचा: डोळे मिटून एका पायावर दोन्हीकडे सारखाच वेळ उभें राहावें. पांचवा उडीचा, आणि तो तर आपल्या अंगणांतला आहे. दुखऱ्या पायानें लंगडी घालतां आली पाहिजे, चांगल्या पायाइतकीच लांब व बेधडक. या पांच विषयांनंतर सरळ धांवणें, मग इंग्रजी आठाच्या आकड्याप्रमाणें वळत धांवणें, मग खोखोच्या खांबांतून नागमोडी धांवणें, मग हलका सराव, व सर्वांत शेवटीं सामना. एखाद्या पायरीवर पाय दुखला किंवा दुसऱ्या दिवशीं सुजला, तर एक पायरी मागें यावें.

दहाव्या दिवशीं ती मुलगी पांचांपैकीं दोनच विषयांत उतरली. सर्व पायऱ्या चढण्यास सात आठवडे लागले. तिचे त्या हंगामांतले सामने हुकले, व त्याचें तिला फार वाईट वाटलें. पण हिवाळ्यांत ती पुन्हां संघांत होती, घोट्यास आधाराची पट्टी बांधून. आजींनीं तिला अडविलें नाहीं. रोज दिवेलागणीस नात अंगणांत एका पायावर उभी राहून आंकडे मोजते, हें त्यांनीं स्वतः पाहिलें होतें.

हा न्याय मोठ्यांसहि चुकत नाहीं. १९ ऑक्टोबर २०२३ रोजीं पुण्याजवळ गहुंजे येथें बांगलादेशाविरुद्ध विश्वचषकाचा सामना चालूं असतां, हार्दिक पंड्या यांचा डावा घोटा चेंडू पायानें अडवितांना दुखावला. त्यांचें षटक विराट कोहली यांनीं पूर्ण केलें. लवकरच ते परततील अशी प्रथम अपेक्षा होती. परंतु उत्तमांतील उत्तम वैद्यकीय साहाय्य असूनहि ४ नोव्हेंबरला ते स्पर्धेबाहेर झाल्याचें जाहीर करावें लागलें. पुढें २०२४ च्या फेब्रुवारींत ते मैदानावर आले. आणि त्याच वर्षीं २९ जून रोजीं बार्बाडोस येथें वीस षटकांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत सोळा धावा राखावयाचें शेवटचें षटक त्यांनींच टाकलें. विश्वचषकासारख्या प्रसंगीं जर पायाची वाट पाहावी लागते, तर तालुक्याच्या सामन्यासाठीं आपण मुलास घाईनें कां ढकलावें?

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं मुलें व नातवंडें आतां शीतप्रदेशांत राहतात आणि हिवाळ्यांत बर्फावरून घसरण्याचा स्कीइंग नांवाचा खेळ खेळतात. आपल्या देशांतहि गुलमर्ग व औली येथें तो चालतो. त्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. या खेळाचे बूट कठीण व नडगीपर्यंत उंच असतात. ते घोट्यास जखडून ठेवतात. असे बूट आल्यापासून त्या खेळांत घोट्याच्या इजा कमी झाल्या, व गुडघ्याच्या बंधांची इजा हीच मुख्य चिंता होऊन बसली. म्हणून बूट घातल्यावर घोटा दुखत नाहीं, एवढ्यावरून तो बरा झाला असें समजूं नये. अशक्त पायाचा भार गुडघ्यावर जातो. वरील परीक्षा बूट काढून, अनवाणी द्यावी, व प्रथम सौम्य उतारावरच जावें.

शेवटीं घरांतील वडील मंडळींस एक विनंती. मुलाचा पाय मुरगळला असतां त्याला भित्रेंहि म्हणूं नका व हूडहि म्हणूं नका. सहा आठवडे रोज दहा मिनिटें त्याच्यासमवेत अंगणांत उभे राहा. साठी उलटलेल्यांनीं तर भिंतीवर हात ठेवून तोच तोलाचा अभ्यास स्वतःहि करावा. उतारवयांत पडण्याचें भय त्यानें कमी होतें. आम्ही स्वतः तो रोज सकाळीं दांत घांसतांना करितों. येता पोळा झाल्यावर दुसऱ्या दिवशीं तान्ह्या पोळ्यास आमच्या सिंदींतील मुलें आपापले लांकडी बैल घेऊन निघतील. त्या गर्दींत व चिखलांत एखादा पाय पुन्हां लचकेल. त्या घरांत तरी पायास पुरता अवसर मिळावा, आणि अवसर मिळाल्यावर खेळहि परत मिळावा, एवढीच आमची इच्छा आहे.