आधी सुलटा हात!

दाढी गुळगुळीत व्हावी म्हणून अनेकजण पहिल्याच हाताला रेझर उलटा फिरवतात आणि गळ्यावर पुरळ उठले की दोष देतात साबणाला! सेफ्टी रेझरचा पहिला हात केसांच्या वाढीच्या दिशेनेच हवा. वाढलेल्या दाढीवर बोट फिरवून पाहा. ज्या बाजूने खरखर लागत नाही, ती सुलटी. गालावर ती बहुधा वरून खाली असते, गळ्यावर मात्र कुठे आडवी, कुठे चक्क खालून वर. पाते कातडीशी साधारण ३० अंशांत टेकवावे, दाबू नये. रेझरचे वजन पुरते. मग पुन्हा फेस लावून दुसरा हात आडवा. कुरळे केस असणाऱ्यांनी उलटा हात टाळलेलाच बरा. अगदी मुळाशी कापलेला केस वाढताना वळून कातडीतच शिरतो आणि तिथे फोड येतो.