पॅकेट नेमकं कुठे अडवायचं?

आता आपण लिनक्सच्या कर्नलमध्ये शिरू. पॅकेट आलं की कर्नल त्याच्यासाठी मेमरीत ‘एसकेबफ’ नावाची नोंद तयार करतो. पुढच्या वाटेवर, 2001 च्या 2.4 आवृत्तीपासून, नेटफिल्टरचे पाच नाके आहेत. पहिला प्रीराउटिंग. तिथे आपलं फंक्शन पॅकेट तपासतं. ‘ड्रॉप’ म्हटलं की पॅकेट संपलं.

मग अडचण काय? नोंदीचा खर्च तोवर झालेला असतो. सेकंदाला लाखो खोटी पॅकेटं आदळली, तर ती फेकून देण्यातच प्रोसेसर दमतो आणि खऱ्या गिऱ्हाइकाला उत्तरच मिळत नाही. म्हणून 2016 मध्ये, 4.8 आवृत्तीत, एक्सडीपी आलं: नोंद होण्याआधी, ड्रायव्हरमध्येच निकाल. मात्र तिथे जोडणीचा मागोवा आयता मिळत नाही. तेव्हा लोंढा एक्सडीपीत अडवू, बारीक तपासणी नेटफिल्टरवर सोपवू.