नव्वद हजार डॉलरचा वेठबिगार

भरघोस पगार घेणारा माणूस गुलाम असू शकतो काय, हा प्रश्न १९७० साली एका बेसबॉलपटूने अमेरिकेच्या न्यायालयापुढे मांडला, तेव्हा अनेकांना तो हास्यास्पद वाटला. कर्ट फ्लड याचे वार्षिक वेतन त्या वेळी ९० हजार डॉलर होते. एवढा पगार घेणाऱ्याने स्वातंत्र्याची भाषा बोलावी, हे कारखान्यात राबणाऱ्या कामगाराला रुचणे कठीणच. तथापि वेतन किती, आणि ते ठरताना घेणाऱ्यापुढे पर्याय किती, हे दोन प्रश्न भिन्न आहेत. फ्लडचा झगडा दुसऱ्या प्रश्नाशी होता.

टेक्सासमधील ह्यूस्टन येथे १९३८ साली जन्मलेला फ्लड वाढला तो कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या गरीब वस्तीत. १९५६ साली सिनसिनाटीच्या क्लबने त्याला करारबद्ध केले आणि दक्षिणेकडील कनिष्ठ संघांत धाडले. तेथे हा कृष्णवर्णीय तरुण मैदानावर गोऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून खेळे. जेवण आणि मुक्काम मात्र वेगळा. एकदा दोन सामन्यांच्या मधल्या वेळात त्याचा घामाने भिजलेला गणवेश एका नोकराने काठीने उचलून इतरांच्या कपड्यांपासून दूर केला. कृष्णवर्णीयांच्या धोबीखान्यातून तो परत येईपर्यंत फ्लड उघडा बसून राहिला, ही हकीकत त्याने आत्मचरित्रात नमूद केली आहे. त्या काठीचा अर्थ मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

१९५७ च्या अखेरीस सिनसिनाटीने त्याला सेंट लुइस कार्डिनल्स या क्लबाला देऊन टाकले. तेथे तो बारा हंगाम खेळला. मैदानाच्या मध्यभागी दूरवर उभे राहून उंच उडालेले चेंडू झेलणे हे त्याचे काम. क्षेत्ररक्षणाचा ‘गोल्ड ग्लव्ह’ सन्मान १९६३ पासून ओळीने सात वर्षे त्याने मिळविला; १९६६ च्या संपूर्ण हंगामात त्याच्या हातून एकही चूक नोंदली गेली नाही. १९६४ आणि १९६७ साली कार्डिनल्सने विश्वविजेतेपद जिंकले. १९६८ च्या अंतिम मालिकेतील निर्णायक सामन्यात मात्र एका चेंडूचा त्याचा अंदाज चुकला आणि विजेतेपद डेट्रॉइटकडे गेले. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९६९ मध्ये, क्लबच्या कचेरीतून त्याला दूरध्वनी आला : तुला फिलाडेल्फियाला देण्यात आले आहे.

हे ‘देणे’ ज्या कलमामुळे शक्य होई, ते १८७९ पासून चालत आलेले होते. वर्षाचा करार संपल्यावर त्याच अटींवर आणखी एक वर्ष नूतनीकरण करण्याचा अधिकार क्लबाला असे. नूतनीकृत करारातही तेच कलम असल्याने ही साखळी कधी तुटतच नसे. इतर कोणताही क्लब त्या खेळाडूशी बोलणी करीत नसे. आपल्याकडील सालगडीदेखील, अंगावर उचल नसेल तर, पाडव्याला मालक बदलू शकतो. बेसबॉलपटूपुढे पर्याय दोनच : मालक म्हणेल तेथे खेळणे, किंवा खेळ सोडणे. अर्थशास्त्राच्या भाषेत ही श्रमाची एकाधिकार खरेदी होय.

मालकांचा युक्तिवाद असा, की खेळाडू मोकळे झाले तर सारे गुणी खेळाडू श्रीमंत क्लब गोळा करतील आणि स्पर्धेतील रस संपेल. या युक्तिवादाचा फोलपणा सायमन रॉटेनबर्ग या अर्थशास्त्रज्ञाने १९५६ सालीच दाखविला होता. खेळाडूंची विक्री चालूच असल्यामुळे, कलम असो वा नसो, खेळाडू अखेर जेथे त्याला अधिक मोल आहे तेथेच पोचणार; फरक एवढाच, की ते मोल मालकाच्या खिशात जाईल की खेळाडूच्या.

२४ डिसेंबर १९६९ रोजी फ्लडने बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहिले : बारा वर्षांच्या सेवेनंतर आपण खरेदी-विक्रीची मालमत्ता आहोत असे आपल्याला वाटत नाही. संघटनेचे प्रमुख मार्विन मिलर यांनी त्याला आधीच बजावले होते, की जिंकण्याची शक्यता जवळजवळ नाही आणि जिंकलास तरी लाभ इतरांना होईल. फ्लडने तरीही दावा लावला. निवृत्त झालेला जॅकी रॉबिन्सन साक्षीला आला; खेळात असलेला एकही खेळाडू न्यायालयात फिरकला नाही. त्यांना दोष देणे सोपे आहे, परंतु त्यांच्या भाकरीचा ग्राहकही एकच होता.

१९ जून १९७२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी फ्लडविरुद्ध निकाल दिला. बेसबॉल हा आंतरराज्य व्यापार नव्हे, सबब मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू नाही, असे १९२२ साली ठरले होते. मुष्टियुद्ध आणि फुटबॉल यांना ही सवलत नाकारलेली असल्याने ती विसंगत आहे, हे न्यायालयाने मान्य केले. पण ती दूर करणे हे संसदेचे काम ठरविले. विसंगती मान्य करूनही तिला हात न लावणारा हा निकाल समाधानकारक म्हणता येत नाही.

दरम्यान फ्लडची कारकीर्द संपली होती. १९७० चा हंगाम घरी बसून काढल्यावर १९७१ मध्ये वॉशिंग्टनकडून तो जेमतेम तेरा सामने खेळला आणि देश सोडून स्पेनच्या मायोर्का बेटावर गेला. तेथे त्याने मद्यालय चालविले. स्वतःही मद्याच्या आहारी गेला.

डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्स यांनी अन्य दोन खेळाडूंच्या प्रकरणात ‘एक वर्ष’ म्हणजे एकच वर्ष, असा साधा अर्थ लावला आणि शतकाची साखळी तुटली. १९७६ साली सुमारे ५१ हजार डॉलर असलेले सरासरी वेतन १९८० पर्यंत १ लाख ४० हजारांच्या वर गेले. स्पर्धेचे काय झाले? १९७८ ते १९८७ या दहा वर्षांत दहा वेगवेगळे क्लब विजेते ठरले.

फ्लड जानेवारी १९९७ मध्ये घशाच्या कर्करोगाने वारला. पुढल्या वर्षी संसदेने त्याच्या नावाचा कायदा करून श्रेष्ठ संघांतील खेळाडूंना मक्तेदारीविरोधी कायद्याचे संरक्षण दिले. ज्या कनिष्ठ संघांत त्याचा गणवेश काठीने उचलला गेला होता, तेथील खेळाडूंना मात्र त्यातून स्पष्ट शब्दांत वगळले. त्यांना संघटनेचे छत्र मिळाले ते २०२२ साली.